आडवं दार

इंतांगचं मागलं दार बिजागरीतून काढलं
तेव्हापासून तिची कोंबडी सरळ चुलीपाशी.
सात फूट बाय अडीच, प्लायवूड,
एका कोपऱ्यात वाळवीनं आधीच कोरकाम केलेलं.
न्या दार, म्हणाली,
पण माझं घर त्यात दिसलं पाहिजे.
आणि फणस. फणस विसरायचा नाही.

सभाघरात दार आडवं घातलं.
आम्ही आठ जण चहूबाजूंनी, मांडी ठोकून,
हातात मोडक्या छत्र्यांच्या काड्या घासून केलेल्या पटाश्या.
मी कोटा किनाबालूत फोनच्या फुटक्या काचा बदलायचो,
लाकडातलं मला एवढंच शिकवलं गेलं:
काढाल ते पांढरं, ठेवाल ते काळं.
जे राखायचं त्याला हात लावायचा नाही,
त्याच्या भोवतीचं खरवडत राहायचं.

आकी माजालाप विडी शोधत म्हणाले,
कचेरीवाले आपल्याशी हेच करतायत सहा वर्षं.
आधी शाळा काढली, मग बस,
मग दवाखान्यातली ती हसरी नर्स.
राखायचं काय, तेवढं अजून सांगितलेलं नाही.

अक्षरं उलटी कोरायची, आरशात दिसतात तशी.
ती मी चोख कोरली.
डोंगर उलटा घेतला, घरं उलटी, फणससुद्धा.
पाणी मात्र हातानं आपल्या सवयीनं कोरलं,
लहानपणापासून पुलावरून बघतो तसं,
प्रत्येक दगडामागं पाण्याची शेपटी.

यंत्र कुठलं आलंय.
शाईचा रूळ फिरवला, मांजरपाट पसरला,
वर जुनी चादर, आणि चादरीवर अख्खं गाव अनवाणी.
घंटा वाजत होत्या. टाच दाब, सरक, टाच दाब.
पोरं नुसती उड्या मारत होती,
त्यांना आवरायला गेलेली मास्तरीणही नाचायला लागली.

कापड सोललं.
कुणी बोलेना.
नदी डोंगर चढत होती.

माझे कान तापले. सहा आठवड्यांचं काम.
मी पटाशी उचलली, काय दुरुस्त करणार होतो कोण जाणे,
गेलेलं लाकूड परत येत नाही.
म्हातारी सोइबिन वाकली, शाईला जवळजवळ नाक लावून,
दगड मोजल्यासारखं करत म्हणाली,
भिंत बांधली की असंच चढणार ना पाणी?
आधी भातात, मग चर्चच्या पायऱ्यांवर, मग माझ्यापर्यंत.
बरोबर कोरलंयस. राहू दे.

एक कापड पुलाला बांधलं.
एक शहरातल्या चित्रदालनात लागलं, चाळीस मिनिटं.
चौथं छापलं त्या पहाटे निरोप आला की साहेब निघालेत,
म्हणून दार होतं तिथं परत चढवलं,
कोरीव अंग घराच्या आत.
बिजागरीत ते उभं राहिलं आणि गावही उभं राहिलं,
डोंगर वर, वाळवी खाली,
शाई तशीच ओली.

जिल्हा कचेरीचे बहारोमसाहेब, फिकट निळा शर्ट,
घामानं पाठ भिजलेली.
ठसा कुठाय, त्यांनी विचारलं.
इंतांगनं कॉफी पुढं केली.
ठसा, ठसा, लाकडाचा, मोठा, तुम्ही लपवलाय तो!
ते दमले होते. चौदा किलोमीटर खडीचा रस्ता.
कप हातात घेऊन ते दाराला टेकले.

इंतांगचे ओठ उघडले आणि मिटले.
आणखी घ्या, ती म्हणाली.
त्यांनी आणखी घेतली, सावकाश,
मुलीच्या दम्याबद्दल थोडं बोललेही.

मग मोटारसायकल उतारावरून खाली गेली, बाजाराकडे.
पाठीवर पट्ट्यापासून कॉलरकडे चढणारं पाणी,
अर्धा फणस,
आणि मणक्यालगत उभं, सुलटं, कुणालाही वाचता येईल असं:
आम्ही.
पुढचा शब्द काखेत गेला होता.

मी हसायचं की पळायचं ते ठरवत होतो.
इंतांग दार न्याहाळत उभी.
फणसाचे काटे बोथट उमटलेत, म्हणाली.
आण ती काडी.